कंपनीची बखर: जपानी कंपन्या आपल्या इतिहासाचं नेमकं काय करतात?

जून २०२५ मध्ये टोयोटा समूहाने जाहीर केलं, की टोयोटा इंडस्ट्रीज ही आपल्याच घरातली कंपनी आपण पूर्ण विकत घेऊन शेअर बाजारातून बाहेर काढणार. व्यवहार सुमारे ४.७ लाख कोटी येनचा. भाव कमी लावला म्हणून गुंतवणूकदारांनी आरडाओरडा केला आणि अर्थविषयक पानांवर आकडेमोड सुरू झाली. त्या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असायचं: ही टोयोटाची मूळ कंपनी आहे, यंत्रमाग बनवणारी.

मोटारीच्या कंपनीचं मूळ यंत्रमागात कसं? साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या मुलाने १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग पूर्ण केला, की धागा तुटताच तो आपोआप थांबे. तो माग बनवायला १९२६ मध्ये कंपनी निघाली, तीच ही टोयोटा इंडस्ट्रीज; १९३३ मध्ये तिच्यात मोटारींचा विभाग सुरू झाला आणि १९३७ मध्ये तो वेगळा होऊन टोयोटा मोटर झाली. नागोयात जिथे टोयोडांचा जुना कापड कारखाना होता, तिथेच १९९४ पासून टोयोटाचं संग्रहालय आहे. मोटारी बघायला आलेल्या माणसाला तिथे आधी कताई-विणाईच्या यंत्रांतून जावं लागतं. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. ‘चूक झाली की यंत्र थांबलं पाहिजे, सदोष माल पुढे जाता कामा नये’ हे टोयोटाच्या कारखान्यातलं आजचं तत्त्व, आणि ते त्या मागातून आलं असं कंपनी सांगते. नव्या कामगाराला ती हेच शिकवते आणि पाहुण्यालाही हेच दाखवते.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा माग इथे अजून कामावर आहे. जपानी कंपन्यांचं हे वैशिष्ट्य बाहेरच्यांना कोड्यात टाकतं. आपल्याकडे कंपनीचा इतिहास बहुधा वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आणि स्वागतकक्षातल्या संस्थापकांच्या तसबिरीत संपतो. जपानमध्ये त्याला खर्च मंजूर होतो, माणसं नेमली जातात आणि त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवली जाते. ते काम कोणतं, आणि त्यात लबाडी किती, ते पाहू.

## आधी साहित्य बघू

सगळ्यात महत्त्वाचा प्रकार म्हणजे ‘शाशी’, कंपनीने स्वतःच काढलेला स्वतःचा अधिकृत इतिहास. पन्नास, पंचाहत्तर, शंभर वर्षं झाली की जाडजूड, कापडी बांधणीचा ग्रंथ निघतो. त्यात संचालकांच्या याद्या, ताळेबंद, कारखान्यांचे नकाशे, जुन्या जाहिराती असं सगळं असतं. अशी हजारो पुस्तकं तिथे निघाली आहेत. बहुतेक विक्रीला नसतात. ती कर्मचाऱ्यांना, ग्राहक कंपन्यांना आणि ग्रंथालयांना भेट दिली जातात. हे लिहून, छापून देणं हाच एक धंदा आहे. मोठ्या छपाई कंपन्या हे काम घेतात, आणि पुष्कळदा विद्यापीठातले इतिहासकारही त्यात असतात.

मराठी वाचकाला याची जात ओळखीची वाटेल. ही बखरच आहे. आश्रयदात्याच्या सांगण्यावरून लिहिलेली, त्याचं नाव राखणारी, तरीही अभ्यासकाला टाळता न येणारी. फरक इतकाच, की बखरकार तारखांच्या बाबतीत बराच सैल असायचा. शाशी लिहिणारे आकड्यांच्या बाबतीत कमालीचे काटेकोर असतात. लबाडी असलीच तर ती काय गाळलं यात असते.

शाशीच्या मागे दप्तरखाना असतो. मित्सुई घराण्याची कागदपत्रं सांभाळणाऱ्या तोक्योतल्या मित्सुई बुंको या संस्थेत सुमारे एक लाख दस्तऐवज आहेत. मित्सुईंनी १६७३ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, कापडाचं दुकान काढलं आणि रोख पैसे घेऊन एकाच ठरलेल्या भावाने विकायचं ही त्या काळी नवलाची पद्धत आणली. त्या दुकानाच्या वह्या आजही वाचता येतात. संग्रहालयं तर गावोगावी आहेत: मोटारींची, कॅमेऱ्यांची, सोया सॉसची, इन्स्टंट नूडल्सची. पत्त्यांच्या कारखान्यापासून १८८९ मध्ये सुरू झालेल्या निन्तेन्दोनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये क्योतोजवळ उजीला आपल्या जुन्या कारखान्याच्या जागी संग्रहालय उघडलं.

आणि एक प्रकार असा, की पहिल्यांदा ऐकलं की थट्टा वाटते. कोया या बौद्धांच्या पवित्र पर्वतावरच्या प्राचीन दफनभूमीत कंपन्यांची स्वतःची स्मारकं आहेत. पॅनासॉनिकच्या संस्थापकाने तिथे १९३८ मध्ये दिवंगत कर्मचाऱ्यांसाठी स्मारक उभारलं. पुढे इतर कंपन्या आल्या. याकुल्टचं स्मारक याकुल्टच्या बाटलीच्या आकाराचं आहे, विमानं बनवणाऱ्या एका कंपनीचं रॉकेटसारखं, आणि वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने तर मेलेल्या वाळवीसाठीच स्मारक बांधलंय. हसू येतं खरं, पण कंपनी ही जिवंत-मृत माणसांची मिळून एक वंशावळ आहे, हा विचार इतक्या उघडपणे दगडात कोरलेला दुसरीकडे सापडणं कठीण.

## इतक्या जुन्या कंपन्या टिकल्याच कशा?

शंभरी ओलांडलेल्या कंपन्या जपानमध्ये ३३ हजारांच्या वर आहेत असं मोजणारे सांगतात. सगळ्यात जुनी म्हणून जिचं नाव घेतात ती ओसाकाची कोंगो गुमी, मंदिरं बांधणारी, इसवी सन ५७८ पासूनची.

टिकण्यामागे एक घरगुती युक्ती होती. पोटचा मुलगा धंद्याला लायक नसेल तर कर्तबगार जावई शोधायचा, त्याला दत्तक घ्यायचं आणि घराण्याचं नाव द्यायचं. टोयोटा मोटरचे पहिले अध्यक्ष रिझाबुरो टोयोडा हे साकिचींचे असेच जावई. मारुतीमुळे आपल्याला माहीत असलेले ओसामु सुझुकी हे जन्माने मात्सुदा. सुझुकी कंपनीच्या संस्थापकांच्या नातीशी लग्न करून ते सुझुकी झाले. रक्तापेक्षा नाव चालू राहणं महत्त्वाचं मानलं, की इतिहास ही मालमत्ताच होते. नव्या धन्याला ती शिकून घ्यावी लागते.

पण या आकड्याने फार भारावून जायला नको. जे बुडाले ते या यादीत येतच नाहीत. शिवाय त्या हजारो कंपन्यांतल्या बहुसंख्य लहान आहेत: गावातली साके (तांदळाची दारू) गाळणारी, मिठाई करणारी, गरम पाण्याच्या झऱ्यावर धर्मशाळेसारखं हॉटेल चालवणारी. खुद्द कोंगो गुमीही तेजीच्या काळातल्या कर्जाखाली दबली आणि २००६ मध्ये तिचा कारभार एका मोठ्या बांधकाम समूहाच्या हाती गेला. चौदाशे वर्षांचा इतिहास बँकेकडे तारण म्हणून चालला नाही.

## वाढदिवस बदलणारी कंपनी

इतिहास कामाला लावणं म्हणजे काय, हे पॅनासॉनिककडे पाहून नीट कळतं. कोनोसुके मात्सुशिता यांनी धंदा सुरू केला १९१८ मध्ये, विजेच्या छोट्या जोडण्या बनवण्याचा. कंपनी मात्र आपला स्थापना दिवस मानते ५ मे, आणि तोही १९३२ चा. त्या दिवशी मात्सुशितांनी कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, की उद्योगाचं खरं काम काय ते मला आता उमगलं आहे. वस्तू इतक्या मुबलक आणि स्वस्त करायच्या की त्या नळाच्या पाण्यासारख्या सगळ्यांना मिळाव्यात. त्यासाठी त्यांनी अडीचशे वर्षांचा आराखडा मांडला, पंचवीस-पंचवीस वर्षांचे दहा टप्पे.

धंद्याचा जन्म एका वर्षी आणि ध्येयाचा जन्म चौदा वर्षांनी, आणि स्थापना दिवस मानायचा दुसऱ्याचा! संतचरित्रात शोभावा असा हा प्रसंग, आणि ते अगदीच योगायोगाने नाही. त्याआधी काही आठवडे मात्सुशिता तेन्रिक्यो या धर्मपंथाचं मुख्य ठाणं पाहून आले होते. पगार न घेता मन लावून काम करणारी माणसं पाहून ते चकित झाले होते.

या कथांचा संग्रह मोठा आहे. १९२९ च्या अखेरीस मंदी आली, गोदामं भरली, निम्मी माणसं काढावीत असा प्रस्ताव आला. आजारी असलेल्या मात्सुशितांनी उलट सांगितलं: उत्पादन निम्मं करा, काम अर्धा दिवस ठेवा, पगार पूर्ण द्या, एकालाही काढू नका, आणि सगळ्यांनी मिळून साठलेला माल विका. दोनेक महिन्यांत गोदामं रिकामी झाली. पॅनासॉनिकमध्ये ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. व्यवस्थापकाने निर्णय घेताना ‘संस्थापकांनी काय केलं असतं?’ हे विचारावं, अशी अपेक्षा त्यामागे असते. नियमांचं पुस्तक कितीही जाड असलं तरी ते प्रत्येक प्रसंगाला पुरत नाही. जिथे नियम संपतात तिथे गोष्टीचा आधार घेतला जातो.

## म्हणजे शेवटी जाहिरातच ना?

अर्थात जाहिरातही आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. सीको आपल्या १९६० च्या दशकातल्या घड्याळांच्या नव्या आवृत्त्या काढते आणि त्या चांगल्या भावाने विकल्या जातात. तोराया ही पाचशे वर्षांची मिठाईवाली कंपनी. तिने १९७३ मध्ये स्वतःचा दप्तरखाना उभा केला. तिच्याकडे १६९५ सालची मिठाईची चित्रवही आहे. ऋतूनुसार आकार आणि रंग कसे असावेत ते त्यात रंगवलेलं आहे. ही वही तिच्यासाठी पुराणवस्तूही आहे आणि पुढच्या हंगामाच्या मालाचा नमुनाही.

तरी सीकोच्या संग्रहालयातली सगळ्यात जास्त बोलणारी वस्तू विकाऊ नाही. तो आहे वितळून एकमेकांना चिकटलेल्या खिशातल्या घड्याळांचा गोळा. १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत कंपनीचा कारखाना जळाला आणि दुरुस्तीला आलेली ग्राहकांची सुमारे दीड हजार घड्याळंही गेली. संस्थापक किंतारो हत्तोरी यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्या ग्राहकांना नवी घड्याळं दिली. याला जाहिरात म्हणा हवं तर. पण ‘आम्ही विश्वासू आहोत’ असं नुसतं म्हणणं आणि हा गोळा समोर ठेवणं यातला फरक ग्राहकाला कळतो. कंपनीतल्या माणसालाही कळतो, आणि पुढच्या वेळी निदान त्याची थोडी लाज तरी राखावी लागते.

## चुका कशाला जपून ठेवायच्या?

माझ्या मते जपानी कंपन्यांकडून शिकण्यासारखा भाग इथे आहे.

घरात लोणच्याची जुनी वही असते. तिच्यात प्रमाणं सगळेच लिहितात. पण कडेला आजीने ‘यंदा कैऱ्या नीट पुसल्या नाहीत, बुरशी आली’ असं लिहिलं असेल, तर ती ओळ बाकीच्या पानापेक्षा जास्त उपयोगाची. आणि नेमकी तीच ओळ वही उतरवून काढताना गळते, कारण ती पाककृतीचा भाग वाटत नाही.

स्नो ब्रँड या दुग्धव्यवसायातल्या कंपनीचं असंच झालं. मार्च १९५५ मध्ये तिच्या होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावरच्या याकुमो कारखान्यातल्या दूध पावडरीमुळे तोक्योतल्या शाळांमधली सुमारे १,९०० मुलं आजारी पडली. यंत्रातला बिघाड आणि खंडित वीज यांमुळे दूध कोमट अवस्थेत पडून राहिलं होतं आणि त्यात जिवाणूंचं विष तयार झालं होतं. तेव्हाचे अध्यक्ष मित्सुगी सातो यांनी चूक कबूल केली आणि सर्व कर्मचाऱ्यांना उद्देशून एक निवेदन काढलं. विश्वास मिळवायला वर्षं लागतात, तो घालवायला एक क्षण पुरतो आणि तो पैशाने विकत मिळत नाही, असा त्याचा आशय. ते निवेदन पुढे नव्या कर्मचाऱ्यांना रुजू होताना दिलं जाई. १९८० च्या दशकात ती प्रथा बंद पडली. तीस वर्षं काही झालं नव्हतं. जुनं उगाळायचं कशाला, असं वाटलं असणार.

२००० सालच्या मार्चमध्ये त्याच होक्काइदोत, त्याच कंपनीच्या ताइकी कारखान्यात, पुन्हा काही तास वीज गेली. दूध पुन्हा कोमट अवस्थेत पडून राहिलं आणि त्याची पुन्हा पावडर झाली. ती पावडर ओसाकाच्या कारखान्यात पोचली, आणि जूनअखेरीपासून १३ हजारांहून जास्त लोक आजारी पडले. तोच पदार्थ, तसाच जिवाणू, जवळजवळ तीच घटनासाखळी. कंपनीच्या दप्तरात उत्तर पंचेचाळीस वर्षं पडून होतं, फक्त ते वाचायला देणं थांबलं होतं. दीड वर्षाने तिच्या उपकंपनीचा मांसावर खोटी लेबलं लावण्याचा घोटाळा उघड झाला आणि समूहाची वाताहत झाली. आज विलीनीकरणातून उभी असलेली कंपनी या दोन घटनांच्या दिवसांच्या आसपास, वर्षातून दोनदा, कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून नेमकं काय घडलं होतं ते पुन्हा समजावते.

जपान एअरलाइन्सची गोष्ट याहून जड आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी तिचं विमान डोंगरावर कोसळलं. ५२४ पैकी ५२० माणसं गेली. कारण होतं विमानाच्या मागच्या भागातली दाब पेलणारी भिंत. सात वर्षांपूर्वीच्या एका अपघातानंतर बोइंगने तिची चुकीची दुरुस्ती केली होती. अवशेषांचं काय करायचं, हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. ते जपावेत असं मृतांच्या नातेवाइकांचं म्हणणं होतं. २००५ मध्ये कंपनीत सुरक्षेच्या चुकांची मालिकाच झाली, सरकारने कान उपटले, बाहेरच्या तज्ज्ञांची समिती आली. एप्रिल २००६ मध्ये हानेदा विमानतळाजवळ कंपनीने सुरक्षा केंद्र उघडलं. त्यात ती फाटलेली भिंत आहे, चेपलेल्या खुर्च्या आहेत, आणि विमान कोसळण्यापूर्वी प्रवाशांनी घरच्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना तिथे जावं लागतं, हिशेब खात्यातल्यांनाही. आज कंपनीतले जवळजवळ सगळे १९८५ नंतर रुजू झालेले आहेत. त्यांना तो अपघात वर्तमानपत्रातल्या जुन्या बातमीसारखाच लांबचा. त्या चिठ्ठ्या ते अंतर कमी करतात.

हीच कंपनी जानेवारी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सावरताना २०११ मध्ये तिने विमानांच्या शेपटीवर आपलं जुनं, १९५९ पासूनचं लाल करकोच्याचं चिन्ह परत आणलं. मधल्या काळात ते काढून टाकलं होतं. एकाच कंपनीने अभिमानाचा इतिहास शेपटीवर लावला आणि शरमेचा इतिहास विमानतळाजवळच्या खोलीत ठेवला. दोन्हींपैकी कर्मचाऱ्यांना घडवणारा कोणता, याबद्दल मला शंका नाही.

हा प्रकार एकट्या जपान एअरलाइन्सचा नाही. रेल्वे कंपन्यांनीही आपल्या अपघातांची शिक्षणकेंद्रं काढली आहेत. टोयोटा दरवर्षी २४ फेब्रुवारी पाळते. २०१० मध्ये त्या दिवशी तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना सदोष गाड्यांबद्दल अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली होती.

## आपलाच इतिहास आपण लिहायचा, मग खरेपणाचं काय?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उदाहरण टोयोटाच्याच घरात सापडतं. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रकंपनीने साकिचींच्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. गोष्ट अशी सांगितली गेली, की मरणाच्या दारात असलेल्या साकिचींनी ते पैसे मुलाला, किइचिरोला, मोटारीच्या प्रयोगासाठी दिले. बापाच्या मागातून लेकाची मोटार, सिनेमात शोभेल अशी कथा. नंतर एका जपानी इतिहासकाराने करारातली आणि पत्रव्यवहारातली कागदपत्रं काढून दाखवलं, की प्रकरण इतकं सरळ नव्हतं. अडचणीत आलेल्या प्लॅटने रक्कम कमी करून घेतली होती, आणि मोटारीचा पाया त्या पैशावर घातला गेला हे कागदांवरून सिद्ध होत नाही. दंतकथा खोडायलाही कागदच लागले, हेही लक्षात ठेवायला हवं.

सुमितोमोचं पाहा. शिकोकु बेटावरची बेश्शीची तांब्याची खाण या घराण्याने १६९१ पासून १९७३ पर्यंत चालवली. उघडा पडलेला डोंगर तेइगो इबा या व्यवस्थापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखो झाडं लावून पुन्हा हिरवा केला. समूह आज पर्यावरणाच्या गप्पांमध्ये ही गोष्ट पुढे करतो, आणि ती खरी आहे. फक्त तिच्या आधीचा भाग हळू आवाजात येतो. भट्ट्यांच्या गंधकी धुराने पिकं जळत होती आणि शेतकरी चिडून उठले होते. भट्टी समुद्रातल्या बेटावर हलवली तर धूर वाऱ्याबरोबर आणखी दूरवर पसरला, आणि त्याचा पक्का बंदोबस्त व्हायला १९३९ उजाडलं.

एकच घटना दोन किनाऱ्यांवरून कशी दिसते, याचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीच्या इतिहासात १८९३ हे अभिमानाचं वर्ष आहे. त्या वर्षी तिने मुंबईची फेरी सुरू केली, जपानचा पहिला दूर पल्ल्याचा समुद्रमार्ग. जपानी गिरण्यांना मुंबईचा कापूस हवा होता आणि ब्रिटिश पी अँड ओ कंपनी व तिचे साथीदार दर लावतील तो द्यावा लागे. जमशेटजी टाटा जपानला गेले, उद्योगपती एइची शिबुसावांना भेटले, आणि दोन्ही बाजूंनी मिळून जहाजं सोडायचं ठरलं. पी अँड ओने दर पाडून युद्ध सुरू केलं. जपानी कंपनी मागे हटली नाही आणि टिकली. टाटांची जहाजं थोड्याच काळात बंद पडली. जपानी कथेत हा मक्तेदारी मोडल्याचा विजय आहे. इथल्या बाजूने पाहिलं तर त्याच कापसाचं कापड पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या बाजारात उतरलं. १९३० च्या दशकात भारतात जपानी कापडावर जकात वाढली, जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला, आणि १९३४ मध्ये करार करून मिटवामिटव करावी लागली. हा उत्तरार्ध एकट्या कंपनीच्या इतिहासात शोधून भागत नाही.

## आणि युद्धाची पानं?

शाशी हातात आली की जाणकार वाचक आधी १९३७ ते १९४५ ची पानं उघडतात. तिथे बहुतेकदा उत्पादनाचे आकडे, कच्च्या मालाची टंचाई आणि बाँबहल्ल्यात जळलेले कारखाने असतात. कोरिया आणि चीनमधून सक्तीने आणलेल्या मजुरांबद्दल फार थोडं, किंवा काहीच नाही.

हे मौन आता महाग पडतं. २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निप्पॉन स्टील आणि मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज यांना युद्धकाळातल्या मजुरांना भरपाई देण्याचे आदेश दिले. हा विषय १९६५ च्या करारात मिटला असं जपान सरकारचं म्हणणं, आणि कंपन्या त्यामागे उभ्या राहिल्या. मित्सुबिशीच्याच कुळातल्या मित्सुबिशी मटेरियल्सने मात्र वेगळी वाट धरली. जुलै २०१५ मध्ये तिच्या प्रतिनिधींनी अमेरिकी युद्धकैद्यांची जाहीर माफी मागितली, आणि २०१६ मध्ये चिनी मजुरांशी समझोता करून प्रत्येकी एक लाख युआन आणि स्मारक उभारण्याचं मान्य केलं. कोरियाच्या मजुरांपर्यंत ही तयारी पोचली नाही, हेही खरं.

युनेस्कोने जुलै २०१५ मध्ये जपान झपाट्याने औद्योगिक झाला त्या मेइजी काळातली औद्योगिक स्थळं जागतिक वारशात घेतली. त्यात मित्सुबिशीचं हाशिमा हे कोळशाचं बेट आहे. अनेकांना इच्छेविरुद्ध आणून तिथे खडतर परिस्थितीत राबवलं गेलं, हे सांगण्याची व्यवस्था करू, असं जपानच्या प्रतिनिधींनी तेव्हा सांगितलं होतं. २०२१ मध्ये वारसा समितीने या आश्वासनाच्या अंमलबजावणीबद्दल तीव्र खेद नोंदवला. वारसा म्हणून मिरवायचं ठरवलं की त्या जागेत कोण कोण राबलं होतं, हा प्रश्न दारात येतोच.

## इतिहासाचं ओझं होत नाही का?

होतं. मे २०२५ मध्ये पॅनासॉनिकने जगभरात दहा हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. मात्सुशितांची १९२९ ची गोष्ट ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकली होती, त्यांना ती आठवली नसेल तर नवल. बढाईने सांगितलेली गोष्ट अशी उलटून अंगावर येते. याचा एक फायदाही आहे. ज्या कंपनीला इतिहासच नाही तिला कोणी जाब विचारत नाही. इथे निदान आपण कशापासून हटतो आहोत, याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट पैशाची. धंदा बसला की इतिहासाच्या खात्याला पहिली कात्री लागते. तोशिबाची पाळंमुळं १८७५ पर्यंत जातात. २०१५ मध्ये तिचा हिशेबातला घोटाळा उघड झाला, पुढे अणुऊर्जेच्या धंद्यात प्रचंड तोटा आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती शेअर बाजारातून बाहेर पडली. कावासाकी स्टेशनजवळच्या तिच्या विज्ञान संग्रहालयात जपानी लिपीतला तिने बनवलेला पहिला वर्ड प्रोसेसर होता, घरगुती विजेची पहिलीवहिली यंत्रं होती, शाळांच्या सहली येत. जून २०२४ मध्ये ते सर्वसामान्यांसाठी बंद झालं. कंपनीचे आद्यपुरुष हिसाशिगे तानाका यांनी १८५१ मध्ये बनवलेलं अद्भुत घड्याळ मात्र आजही पाहता येतं, कारण ते तोक्योच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात ठेवलेलं आहे.

कागदांच्या बाबतीत थोडी बरी सोय झाली आहे. जुलै २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचा चेहरा आहे, त्या शिबुसावांच्या नावाच्या प्रतिष्ठानने शाशींच्या अनुक्रमणिकांची, कालपटांची सूची इंटरनेटवर फुकट खुली केली आहे. आणि ज्या कावासाकीत तोशिबाचं संग्रहालय बंद झालं, त्याच शहरात कानागावा प्रांताचं सरकारी ग्रंथालय आहे. तिथे हजारो शाशी उघड्या कपाटांत लावलेल्या आहेत, वेळोवेळी शाशींची जत्रा भरते, आणि ज्यांनी त्या छापल्या त्यांतल्या कित्येक कंपन्या आज अस्तित्वात नाहीत. त्यांचे ताळेबंद कोणीही काढून वाचू शकतो.